शुक्रवारचं पुडकं

तुम्ही अल्बीला दर शुक्रवारी मासा देता, असं तुमच्या वृद्धाश्रमाच्या कागदावर लिहिलंय. खोटं लिहिलंय. संध्याकाळी पाच वाजता त्याच्या पुढ्यात येतो तो माशाच्या आकाराच्या साच्यात दाबलेला राखाडी लगदा. त्याला शेपटी आहे, खवले आहेत, डोळ्याच्या जागी बोटाने दाबल्यासारखा खड्डासुद्धा आहे. तो साचा कुणीतरी तयार केला, कुणीतरी मागवला आणि तुमच्यापैकी कुणीतरी त्या मागणीवर सही केली. सही करताना हसू आलं नाही तुम्हाला? निदान लाज?

मर्लने तो मासा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती खरोखर हसली. तिला वाटलं, एखाद्या पोराच्या खेळातलं काहीतरी चुकून ताटात आलंय. मग अल्बीच्या तोंडाकडे तिचं लक्ष गेलं. बावन्न वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाचं तोंड ती ओळखत होती. तो त्या माशाच्या डोळ्याकडे बघत होता, आणि मासा त्याच्याकडे.

"खाऊन घे," ती म्हणाली.

"कशाला?" अल्बी म्हणाला. मेंदूला झटका आल्यापासून त्याचे शब्द एकेकटे यायचे, पण यायचे ते नेमके यायचे.

झटका मागच्या वर्षी मार्चमध्ये आला. मोठ्या गावच्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी एका मुलीने त्याला चमचाभर पाणी पाजलं, तो खोकला, मुलीने लिहिलं: गिळण्यास धोका, फक्त लगदा. तो एक कागद. अल्बी इस्पितळातून यारूमला परत आला, घरी न येता तुमच्याकडे आला, आणि तो कागद त्याच्या आधी येऊन त्याच्या खाटेला चिकटला. त्याला वर्ष उलटून गेलं. तेवढ्या काळात अल्बीचा डावा हात पहिल्यासारखा झाला. टीव्हीवर फुटबॉल लागला की पंचाला शिव्या देण्याइतकी जीभ सुटली. वॉकर धरून तो संडासापर्यंत जायला लागला. कागद मात्र जिथे होता तिथेच. चहासुद्धा पावडर घालून असा दाट केलेला, की चमचा त्यात उभा राहायचा.

मर्लने तीन अर्ज केले. पोस्टात तीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासण्यात गेलेली बाई ती, अर्ज कसा लिहायचा ते तिला शिकवायला नको. पहिल्या अर्जाला उत्तर आलं: नोंद घेतली आहे. दुसऱ्याला आलं: गिळण्याची चाचणी करणारे तज्ज्ञ शहरातून येतात, यादीत नाव आहे. तिसऱ्याला काहीच आलं नाही. मग ती मॅनेजरबाईंच्या केबिनमध्ये जाऊन बसली.

"मी सही देते. काय व्हायचं ते होऊ दे, जबाबदारी माझी."

"मर्ल, डिअर, तुमची सही चालत नाही. तुम्ही भावनेच्या भरात आहात."

"मग अल्बीची घ्या. धोका त्याचा आहे."

"त्यांच्या मेंदूला झटका आलाय, डिअर."

"म्हणजे जिभेला चव कळते हे त्याने सांगितलं तर तेही खरं नाही?"

मॅनेजरबाईंनी रुमालाचा डबा पुढे सरकवला. मर्ल रडत नव्हती. तिने तो डबा तसाच परत सरकवला.

शुक्रवार म्हणजे काय, हे तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगणं भाग आहे. लग्नाच्या आधीपासून शुक्रवार त्यांचा होता. अल्बी गव्हाच्या कोठारांवर वजनकाट्यावर बसायचा. पाचला काटा बंद झाला की तो गाडी घेऊन पोस्टासमोर यायचा, मर्ल शटर ओढून बाहेर पडायची, आणि दोघं सरळ वूलाच्या बापाच्या तळलेल्या माशांच्या दुकानात. म्हातारा ग्रीसहून आलेला. त्याच्या शब्दांत निम्म्या शिव्या, पण हात सोन्याचा. दोन फ्लेक, म्हणजे विमेराच्या या गव्हाच्या मुलखात समुद्र न पाहिलेल्या लोकांना मिळणारा शार्कचा तुकडा, पिठात बुडवून तळलेला. मूठ-दीड मूठ चिप्स, बटाट्याच्या बोटाएवढ्या तळलेल्या फोडी. आणि चार पोटॅटो केक. पोटॅटो केक तर अल्बीचा जीव. पिठात बुडवून तळलेली बटाट्याची बोटभर जाड चकती, बाहेर कडक, आत लोण्यासारखी. वरून मसाल्याचं पिवळं मीठ आणि व्हिनेगर. सगळं पांढऱ्या कागदात गुंडाळलं, की अल्बी दुकानातच, काउंटरवरच, त्या पुडक्याच्या डोक्यात बोट खुपसायचा आणि कागद फाडून भोक पाडायचा.

"वाफ कोंडली की चिप्स मरतात," तो म्हणायचा. दर शुक्रवारी. जणू नवीन शोध लावलाय.

"अरे बावन्न वर्षं तेच," वूला म्हणायची, बाप गेल्यावर तीच दुकान चालवत होती. "तुझ्या थडग्यावर तेच कोरते."

मग गाडी तळ्याकाठी. तळ्यात पाणी असो नसो. मधली दहा वर्षं तर नुसती भेगाळलेली माती होती, तरी ती दोघं मातीकडे तोंड करून बसायची. पुडकं दोघांच्या मध्ये. बोलणं फारसं नाही. रेडिओवर दुसऱ्या दिवशीच्या मॅचचे अंदाज. भोकातून वर येणाऱ्या वाफेने समोरची काच धुरकट व्हायची आणि मर्ल बाहीने पुसायची. तळाशी जो करपलेला, कुरकुरीत चुरा राहतो, तो अल्बी स्वतः कधी खायचा नाही. पुडक्याचा कोपरा मर्लकडे वळवायचा, बस्स. ती दोघं एकमेकांना प्रेमाचं काही बोलली असतील तर ती वळवलेल्या कोपऱ्यातच बोलली. दुसरं काही त्यांनाही माहीत नसावं.

एका सोमवारी अल्बीने तिचं मनगट धरलं. समोर गाजराच्या आकाराचा लगदा होता, केशरी.

"शुक्रवारी," तो म्हणाला.

"काय शुक्रवारी?"

"आण."

मर्ल घरी गेली आणि तीन दिवस विचार करत राहिली. तिला भीती वाटत होती. तुम्हाला वाटतं ना की तिला कळत नाही? तिने घशात घास अडकलेल्या माणसाचं काय करायचं ते पुस्तकात पाहिलं, पाठीवर कसं मारायचं ते उशीवर मारून पाहिलं. चमच्याने घासाचा आकार ठरवला. पण त्याला नाही म्हणायचं, हे तिला एकदाही सुचलं नाही.

शुक्रवारी साडेतीनला ती वूलाच्या काउंटरसमोर उभी राहिली.

"दोन फ्लेक?" वूलाने न बघता विचारलं, मग वर बघितलं. "मर्ल! अगं चौदा महिने! मला वाटलं, त्या हायवेवरच्या बर्गरवाल्याकडे जायला लागलीस."

"मेले तरी जाणार नाही. एक पोटॅटो केक. आणि चिप्स, थोड्या, जाड बघून."

"एकच? कुणासाठी?"

मर्लने पैसे मोजायला घेतले. वूलाने हातातला झारा खाली ठेवला.

"देणार आहेत ते त्याला?"

"विचारलंय कुणी त्यांना?"

वूलाने तेलात नवा पोटॅटो केक सोडला.  पिवळं मीठ तिने दोनदा मारलं. कागद गुंडाळला आणि सवयीने पुडकं काउंटरवर पुढे ढकललं, अल्बीने बोट खुपसावं म्हणून. मर्लने पटकन त्याच्यावर तळवा ठेवला.

"फाडायचं नाही. वास बाहेर जाता कामा नये. अजून कागद दे."

"डार्लिंग, घाम सुटेल त्यांना. भिजून जातील."

"दे म्हणते ना."

वूलाने चार कागद दिले. मर्लने पुडकं त्यात गुंडाळलं, वर दोन टॉवेल, मग अल्बी ज्यात काट्यावर डबा न्यायचा ती गरम राखणारी पिशवी, आणि वर लोकर आणि विणकामाच्या सुया.

"चिप्स नेतेयस की मुडदा?" वूला म्हणाली. मग काउंटरवरून वाकून तिने मर्लचा गाल चिमटला, जोरात. "सांग त्याला, आला नाही तर तो थडग्याचा दगड दुसऱ्याच्या नावाने कोरते."

तुमच्या आवारात मर्ल गाडीत वीस मिनिटं बसून राहिली. साडेचारला पाळी बदलते, तेव्हा कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. मांडीवरच्या पिशवीतून ऊब येत होती. आत काय चाललंय ते तिला डोळ्यांसमोर दिसत होतं: कडक पापुद्रा हळूहळू मऊ पडतोय, चिप्स एकमेकींना चिकटतायत, कागद ओला होतोय. बावन्न वर्षांत तिने न फाडलेलं पुडकं गाडीत ठेवलं नव्हतं. नवऱ्याला फसवून आल्यासारखं तिला वाटत होतं.

अल्बी खिडकीजवळच्या खुर्चीत होता. त्या खिडकीतून आवार दिसतं आणि आवारापलीकडे गव्हाची कोठारं. तिने दार लोटलं, विणकाम खाटेवर टाकलं, टॉवेल सोडले. कागद दिसला आणि अल्बीचा डावा हात उठला. तिला वाटलं, तो तिचा हात धरणार. पण तो हात सरळ पुडक्यावर गेला, एक बोट कागदात घुसलं आणि सगळे कागद वरून खालपर्यंत टर्रकन फाटले.

"अरे थांब!"

वाफ बाहेर आली. गरम तेल, व्हिनेगर, ते पिवळं मीठ. तुमच्या खोल्यांना जंतुनाशकाचा आणि उकडलेल्या कोबीचा वास असतो. त्या वासाला चौदा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी ढकलून बाजूला केलं.

अल्बीने पुडक्यात बघितलं. मग तिच्याकडे बघितलं.

"घामेजल्यात," तो म्हणाला. "फाडलं का नाहीस, म्हातारे?"

"वास येऊ नये म्हणून, गाढवा!"

"मेल्या सगळ्या."

"मग नको खाऊस."

"आण इकडे."

पोटॅटो केकचा पापुद्रा ओल्या कातडीसारखा सुटून तिच्या बोटांना लागला. इतर कुठल्याही शुक्रवारी अल्बीने असला केक वूलाच्या तोंडावर परत मारला असता. आज तो मऊ होता, म्हणूनच तिला त्याचा चमच्याएवढा तुकडा करता आला. तिने तो त्याच्या जिभेवर ठेवला. अल्बीने तोंड मिटलं. चावला. बराच वेळ चावला. मर्ल त्याच्या गळ्याकडे बघत होती, तिचा स्वतःचा श्वास कुठे होता तिला माहीत नाही. त्याचा कंठमणी वर गेला, खाली आला.

खोकला नाही.

दुसरा तुकडा. वर, खाली. तिसरा. चौथ्याला अल्बीचे डोळे भरले आणि मर्लचा हात त्याच्या पाठीकडे गेला, उशीवर शिकलेल्या जागी. त्याने मान हलवली. अडकलं नव्हतं. रडत होता तो, आणि चावत होता.

तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला. शेजारच्या खोलीतली नॅन्स, चाळीस वर्षं शाळामास्तरीण.

"चिप्स कुणाकडे आहेत? खोटं बोलू नका, मला वास येतोय! हात वर करा!"

मग एका कुबडीची टकटक, मग दुसऱ्या. कुणीतरी म्हणालं, "शुक्रवार आहे का आज?" कुणीतरी म्हणालं, "माझा फ्लेक सांगितलाय का रे?" ज्यांनी महिनोन्महिने जेवणाच्या वेळी खाली मान घालून तोंड उघडलं आणि मिटलं, ती माणसं आपापल्या खोलीतून बाहेर पडून एका बंद दाराकडे चालत निघाली. याची नोंद घेतलीत का तुम्ही? नसेल. तुमच्या फॉर्मवर त्याला रकाना नाही.

दार उघडून रोवेना आत आली. रोवेना तुमच्याकडे देखभालीचं काम करते, फिलिपिन्सची आहे, अल्बीला रोज आंघोळ तीच घालते. तिने पुडकं पाहिलं, अल्बीच्या हनुवटीवरचं तेल पाहिलं, आणि दार पाठीमागे लावून त्याला टेकून उभी राहिली.

"मॅम मर्ल," ती हळू म्हणाली. "लवकर."

मर्लने एक चिप दिली. रोवेना वाकून त्याच्या गळ्याकडे बघत राहिली, जसं त्या इस्पितळातल्या मुलीने नीट बघायला हवं होतं तसं. अजून एक. अजून एक.

"सर अल्बी, बरंय?"

"मीठ जास्त," अल्बी म्हणाला. "वूला म्हातारी झाली."

मग मॅनेजरबाई आल्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुमच्याच अहवालात आहे. अहवालात नाही ते एवढंच, की बाईंनी आधी हातमोजे घातले. अर्धा पोटॅटो केक आणि उरलेल्या चिप्स त्यांनी दूषित कचऱ्याच्या पिवळ्या बादलीत टाकल्या. रक्ताच्या पट्ट्या टाकतात त्या बादलीत. फाटक्या कागदाचा एक तुकडा अल्बीच्या डाव्या मुठीत राहिला होता. तो घ्यायला त्यांना त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली, आणि तोपर्यंत त्या "चला, अल्बी, शहाण्यासारखं, चला" असं म्हणत राहिल्या.

सोमवारी मर्लला पत्र मिळालं. भेटीला यायचं ते सोमवारी आणि बुधवारी, कर्मचारी समोर असताना. पिशवी दारात तपासली जाईल. शुक्रवारी भेट बंद.

मर्लने ते पत्र वाचलं आणि अहवालाची प्रत मागितली. मागायचा हक्क आहे हे तिला पोस्टात शिकायला मिळालं होतं. तीनदा फोन केल्यावर मिळाली. बहुतेक मजकूर मॅनेजरबाईंचा होता: गंभीर घटना, उच्च धोका, कुटुंबीयाचं असहकार्य. पण खाली, हजर कर्मचाऱ्याने भरायच्या भागात, बारीक गोल अक्षरात रोवेनाने लिहिलं होतं: अर्धा पोटॅटो केक, सहा चिप्स. प्रत्येक घास नीट चावला. खोकला नाही. आवाज बदलला नाही. श्वासाला त्रास नाही. इजा नाही. खाली सही, वेळ.

मर्ल ती प्रत घेऊन केबिनमध्ये गेली आणि त्या ओळींवर बोट ठेवलं.

"ही बघा चाचणी. झाली. तुमच्याच माणसाने केली."

"ही चाचणी नाही, डिअर. ही घटना आहे."

"फरक काय?"

"चाचणी तज्ज्ञ करतात."

"मग आणा ना तज्ज्ञ!" मर्ल ओरडली. व्हरांड्यात नॅन्सने टाळ्या वाजवल्या.

रोवेनाची पाळी दुसऱ्या मजल्यावर बदलली. हेही अहवालात नाही.

पुढच्या शुक्रवारी मर्ल वूलाकडे गेली. दोन फ्लेक, चिप्स, चार पोटॅटो केक, सगळं पूर्वीसारखं. वूलाने पुडकं पुढे केलं आणि मर्लने काउंटरवरच बोट खुपसून कागद फाडला. तळ्याकडे न वळता ती तुमच्या आवारात आली आणि गाडी अल्बीच्या खिडकीसमोर, तोंड खिडकीकडे करून, लावली. आवार तुमच्या दारापुढचं, पण जागा गावाची आहे. तिथून तिला कुणी उठवू शकत नाही, तिने पालिकेत विचारून घेतलं होतं.

अल्बी खुर्चीत होता. तुमच्या खिडक्या चार बोटांपेक्षा जास्त उघडत नाहीत, पण चार बोटं उघडलेली होती. कुणी उघडली ते मर्लने विचारलं नाही. वारा कोठारांकडून होता, म्हणजे उलटा. वास जाणार नव्हता. तिला ते माहीत होतं, तरी तिने गाडीची काच खाली केली आणि पुडकं वर धरलं.

अल्बीने काचेपलीकडून डावा हात उचलला. एक बोट पुढे केलं आणि हवेत खुपसलं.

मर्लने पुडकं वळवून त्याला भोक दाखवलं. बघ, फाडलंय. वाफ चाललीय. एकही मेलेली नाही.

त्याने मान डोलावली.

तिने एक चिप तोंडात घातली. काचेपलीकडे अल्बीचा जबडा हलला. तिने चावलं, त्याने चावलं. तिने गिळलं, आणि त्याचा कंठमणी वर गेला, खाली आला, तोंडात काहीही नसताना. पाच वाजता कुणीतरी मागून येऊन त्याच्या पुढ्यात थाळी ठेवली. मर्लला थाळीतलं दिसलं नाही. शेपटी असेल.

पुडकं संपत आलं तेव्हा तळाशी चुरा उरला, करपलेला, कुरकुरीत. मर्लने सवयीने वाट बघितली. कागदाचा कोपरा तिच्याकडे वळवणारं शेजारी कुणी नव्हतं. तिने चुरा तसाच ठेवला, कागद दुमडला आणि शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावावा तसा त्याच्यावर हात ठेवून घरी गेली.

असे आता पाच शुक्रवार झाले. मर्ल एक्याऐंशीची आहे, अल्बी चौऱ्याऐंशीचा. तुमच्या यादीत त्याच्या पुढे किती नावं आहेत ते तुम्ही सांगत नाही. तुमच्याच कागदावर, तुमच्याच माणसाच्या सहीने लिहिलंय की खोकला नाही, त्रास नाही, इजा नाही. मग त्या खोलीत नेमकं कोण घाबरतंय, तो की तुम्ही? तज्ज्ञ कधी येणार? वार लिहा, वेळ लिहा, खाली स्वतःचं नाव लिहा, आणि पाठवा. पत्ता तुमच्याकडे आहे. तिला शुक्रवार चालेल. सांगा, कुठला?